भेगाळलेली जमीन आणि दुखावलेले मन

एप्रिल महिन्यात हुबळीहून नवलगुंदकडे किंवा कुंदगोळकडे एस.टी.ने जाऊन पाहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडलेल्या दिसतात. शहरातला पाहुणा सोबत असला तर तो हळहळतो. “अरेरे, जमीन मेली की हो!” असे म्हणतो. शेतकरी मात्र हसतो. जमीन मेलेली नाही हे त्याला ठाऊक असते.

आपल्या काळ्या जमिनीत चिकण मातीचे प्रमाण फार असते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. आकसताना तिला भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती वाऱ्याने आणि पहिल्या वळवाने त्या भेगांत जाऊन पडते. पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगते, भेगा मिटतात आणि खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. म्हणजे नांगर न लावता जमीन स्वतःच स्वतःला उलथीपालथी करून घेते. हिच्या अंगी ओल धरून ठेवण्याचा जो गुण आहे, ज्यावर आपली रब्बी ज्वारी पावसावाचून पिकते, तो गुण आणि भेगा पडण्याचा स्वभाव या दोन्ही गोष्टी एकाच मातीतून येतात. भेगा नकोत म्हणणाऱ्याला ओलही मिळणार नाही.

मात्र शेतकऱ्याला दुसरी एक गोष्टही ठाऊक असते. मलप्रभेच्या कालव्याखाली काही ठिकाणी पाणी जास्त झाले, निचरा झाला नाही आणि जमीन खारावली. अंगावर पांढरा थर आला, पीक उगवेनासे झाले. त्या जमिनीला “येत्या पावसाळ्यात होईल ठीक” असे म्हणून चालत नाही. तेथे चर खणावे लागतात, मातीची तपासणी करावी लागते, जमीन चोपण असेल तर जिप्सम घालावे लागते. तो जमिनीचा आजार आहे.

माणसाच्या मनाचेही असेच आहे. दुःख होणे हा मनाचा स्वभाव आहे, आणि उदासीनतेचा आजार ही वेगळी गोष्ट आहे. एकाला दुसरे समजले की घरात दोन तऱ्हेचे नुकसान होते. साध्या दुःखाला आजार समजून आपण विनाकारण सुया टोचून घेतो, सलाईन लावतो, झोपेच्या गोळ्या सुरू करतो. आणि खऱ्या आजाराला साधे दुःख समजून “वेळ जाऊ दे” म्हणत बसतो. यातले दुसरे नुकसान कधी कधी जिवावर बेतते. म्हणून हा फरक प्रत्येक घरात माहीत असावा.

दुःख कशासाठी असते?

हात विस्तवाजवळ गेला की भाजतो, आणि भाजतो म्हणूनच आपण तो मागे घेतो. वेदना नसती तर हात जळून गेला असता. दुःखाचेही शरीराला आणि मनाला काम आहे. जे आपल्या जिवाभावाचे होते ते गेले, याची ती जाणीव आहे. ज्याच्यावर आपला जीव नाही त्याच्या जाण्याचे दुःख होत नाही. माया करण्याची शक्ती आणि दुःख होण्याची शक्ती एकच आहे.

दुःखात माणूस मंदावतो. जेवणावरची वासना जाते, झोप तुटक होते, चारचौघांत बसावेसे वाटत नाही, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवतात. याचाही उपयोग आहे. मोठ्या हानीनंतर माणसाने लगेच धावपळ करू नये, थांबावे, झाले ते समजून घ्यावे, पुढची घडी नव्याने बसवावी, यासाठी निसर्गाने ही विश्रांती दिलेली असते. जखमी गुरू जसे कळपापासून जरा बाजूला जाऊन बसते, तसेच हे.

दुःखाचे आणखी एक काम म्हणजे इतरांना हाक मारणे. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ साली मनुष्याच्या व प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दुःखी माणसाच्या भुवयांची आतली टोके वर उचलली जातात आणि ओठांचे कोपरे खाली येतात, हे त्याने तेथे वर्णन केले, आणि निरनिराळ्या देशांतील लोकांत ही खूण सारखीच आढळते असे दाखवले. धारवाडच्या बाजारात भाषा न समजणारा परदेशी माणूस आला तरी रडणाऱ्या बाईकडे पाहून तिला काही तरी झाले आहे हे त्याला कळते. अश्रूंचेही तसेच. डोळा ओला ठेवणारे, कांदा चिरताना येणारे आणि मन भरून आल्यावर येणारे असे तीन प्रकारचे अश्रू असतात. त्यातला तिसरा प्रकार फक्त माणसाचा. तो पाहून शेजारी उठून जवळ येतो. दुःख जर लपवले तर ही हाक कोणाला ऐकू जात नाही.

आपल्या गावची दोन उदाहरणे

कवी द. रा. बेंद्रे यांना धारवाडमध्ये कोण ओळखत नाही? त्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडात झाला. घरची भाषा मराठी, आणि कवी कन्नडचे. १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे कन्नड शिकवले, मराठीतही लेखन केले. हा सन्मान आपल्याला माहीत असतो. पण त्यामागचे आयुष्य माहीत नसते. वडील लहानपणीच गेले. पुढे संसारात एकामागून एक मुले दगावली. एका मुलाच्या मृत्यूनंतर पत्नीला उद्देशून त्यांनी लिहिलेली कविता कर्नाटकात आजही घरोघर म्हटली जाते, आणि ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. त्या कवितेत त्यांनी दुःख झाकले नाही, किंवा बायकोला “रडू नकोस” असा कोरडा उपदेशही केला नाही. आपल्यालाही ते सोसत नाही हे त्यांनी तिच्याजवळ कबूल केले.

दुसरे उदाहरण हुबळीच्या गंगूबाई हनगल यांचे. त्यांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे गाणारी त्यांची मुलगी कृष्णा २००४ साली कर्करोगाने गेली. तेव्हा गंगूबाईंचे वय नव्वदीच्या पुढे होते, आणि त्या स्वतःही कर्करोगातून उठलेल्या होत्या. तरी २००६ साली, कारकिर्दीच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्या पुन्हा रसिकांपुढे गायल्या. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले. मुलगी गेल्याचे दुःख त्या वेळी संपले होते, असे कोणीही म्हणणार नाही. दुःख संपत नाही; माणूस त्याच्यासोबत पुन्हा काम करू लागतो. यालाच आपण सावरणे म्हणतो.

आपल्या चालीरीतींतले शहाणपण

आपल्या पूर्वजांना हे सारे पुस्तकाशिवाय समजत होते. हिंदू घरांत दहा दिवस सुतक असते, मग बारावा-तेरावा असतो आणि वर्षाने वर्षश्राद्ध. मुसलमान बांधव चाळिसावा पाळतात. आपल्या ख्रिस्ती घरांत सातव्या आणि तिसाव्या दिवसाची मिस्सा असते, वर्षाची मिस्सा असते, आणि २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी कबरस्तानात मेणबत्त्या लागतात. लाजरसच्या कबरीपाशी स्वतः प्रभू येशू रडले, हे शुभवर्तमान आपल्याला सांगते.

या सर्व रीतींत तीन गोष्टी समान आहेत. पहिली, शोकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. म्हणजे खचलेल्या माणसाच्या पोटात दोन घास जातात. दुसरी, माणसे येऊन बसतात आणि गेलेल्याचे नाव घेतात. म्हणजे दुःख एकट्याचे राहत नाही. तिसरी, दिवस ठरलेले असतात. शोकाला जागा मिळते, आणि हळूहळू कामाला लागायची वेळही येते. आता पुष्कळ घरांत दोन दिवसांत सर्व आटोपून मुले बंगळूर-पुण्याला परत जातात, आणि मागे राहिलेली आई किंवा वडील एकटे पडतात. चालीरीती कमी करायच्या तर खुशाल कराव्यात, पण त्यांतल्या या तीन गोष्टी सोडू नयेत.

“रडू नको” असे म्हणू नये

सांत्वनाला जाणारे लोक चांगल्या हेतूने चुकीचे बोलतात. “रडू नको, धीर धर.” “देवाची इच्छा.” “अमक्याचे तर याहून वाईट झाले.” “पुरुषासारखा पुरुष, आणि रडतोस?” अशा बोलण्याने समोरच्याचे दुःख कमी होत नाही. ते आपल्यापुढे दाखवायचे नाही, एवढेच त्याला कळते. विशेषतः पुरुष गप्प बसतात. मग तेच दुःख रागाच्या रूपाने बायकामुलांवर निघते किंवा दारूच्या दुकानाकडे घेऊन जाते. दारूने दोन तास बरे वाटते, पण दारू स्वतःच मेंदूला मंद करते, झोप बिघडवते आणि उदासी वाढवते.

मग बोलावे तरी काय? फार बोलण्याची गरजच नसते. जवळ बसावे. “मामा गेले, वाईट झाले. मी आहे इथे,” एवढे पुरे. गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगावी. गुरांना पाणी पाजून द्यावे, दळण आणून द्यावे. आणि पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा जावे. पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते. खरी पोकळी त्यानंतर जाणवते.

आजार कसा ओळखावा?

समजा, एका गल्लीत दोन घरे आहेत. दोन्ही घरांत चार महिन्यांपूर्वी कर्ता पुरुष वारला.

पहिल्या घरातल्या काकी आठवण निघाली की रडतात. सणाच्या दिवशी त्यांना घास जात नाही. पण नातवंड मांडीवर आले की हसतात. गाय व्यायली तेव्हा रात्रभर गोठ्यात बसल्या. दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. दोन लाटांमधले अंतर हळूहळू वाढत आहे. “ते असते तर बरे झाले असते,” असे त्या म्हणतात. हे दुःख आहे. याला औषध नको, सोबत हवी.

दुसऱ्या घरातल्या काकी आता रडतही नाहीत. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. वजन उतरले आहे, लुगडे ढिले होते. नातवंड आले तरी चेहरा बदलत नाही. अंघोळीला उठणे हेच डोंगराएवढे वाटते. “माझ्यामुळेच ते गेले, मी कोणाच्या कामाची नाही, देवाने मला न्यावे,” असे त्या पुन्हा पुन्हा म्हणतात. येथे लाटा नाहीत. पाणी साचून राहिले आहे. हा आजार आहे, आणि यावर उपचार आहेत.

डॉक्टर पुढील लक्षणे पाहतात: सतत उदास वाटणे, कशातच गोडी न उरणे, झोप फार कमी किंवा फार जास्त होणे, भूक व वजन बदलणे, सतत थकवा, हालचाल व बोलणे मंदावणे किंवा एका जागी बसवतच नाही अशी तगमग, लक्ष न लागणे, साधा निर्णयही न घेता येणे, स्वतःला दोष देणे, आणि मरणाचे विचार. यांपैकी पहिल्या दोहोंतले निदान एक धरून पाच किंवा अधिक लक्षणे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि त्यामुळे रोजचे काम अडले, तर ते उदासीनतेच्या आजाराचे लक्षण समजतात. मरणाचा विचार असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

शोक चालू असताना ही रेघ नेमकी कोठे ओढायची, याबद्दल तज्ज्ञांतही वाद झाला आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या १९८० सालच्या नियमग्रंथात, नुकताच शोक झालेल्या माणसाला सहसा आजारी ठरवू नये अशी सवलत होती. २०१३ साली ती काढून टाकली. काहींना हे पटले नाही; साध्या दुःखालाही गोळ्या दिल्या जातील असे ते म्हणाले. इतर म्हणाले, शोकात आजार झालेल्याला उपचार नाकारणे हे त्याहून वाईट. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपण घरच्या माणसांनी एवढेच ध्यानात ठेवावे की शोकाला वर्षभर लागले तरी ते वावगे नाही. पण माणूस दिवसेंदिवस वर येतो आहे की खाली जातो आहे, यावर नजर असावी.

बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या पाहणीत, भारतात साधारण दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी हा आजार झाल्याचे आढळले. म्हणजे चाळीस मोठी माणसे बसलेल्या आपल्या एस.टी.त असे दोघे तरी असतात.

शरीराचीही तपासणी हवी

कधी कधी उदासीचे मूळ शरीरात असते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की थकवा येतो, वजन वाढते, मन मरगळते. अंगात रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मधुमेह, काही औषधे, रोजची दारू, यांनीही तसेच होते. बाळंतपणानंतर काही दिवस मन हळवे होणे स्वाभाविक असते. पण दोन आठवडे उलटूनही आई रडत असेल, बाळाकडे पाहवत नाही म्हणत असेल, तर “लाडावली आहे” म्हणू नये, दवाखान्यात न्यावे. रक्ताच्या साध्या तपासण्यांनी पुष्कळ गोष्टी उलगडतात. सरकारी दवाखान्यात किंवा हुबळीच्या १९५७ साली स्थापन झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्या होऊ शकतात.

आणखी एक सूचना. आपल्याकडचे लोक “मन उदास आहे” असे डॉक्टरांना सांगत नाहीत. “अंग दुखते, छातीत धडधडते, डोके जड आहे, अशक्तपणा आहे,” असे सांगतात. मग ताकदीची सुई आणि गोळ्या मिळतात. डॉक्टरांना सरळ सांगावे: झोप लागत नाही, कशात मन लागत नाही, अमुक दिवसांपासून. निम्मे निदान तेथेच होते.

उपचार काय असतात?

पहिला उपचार बोलण्याचा. त्यासाठी मोठी पदवी लागतेच असे नाही. गोव्यातील संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना शिकवून सल्लागार केले. उदासीनतेच्या रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटून त्यांनी त्याच्याकडून छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करून घेतली: सकाळी चालणे, झाडांना पाणी घालणे, मैत्रिणीकडे जाणे. तीन महिन्यांनी, अशा भेटी मिळालेल्यांपैकी शंभरात चौसष्ट जण आजारातून बाहेर आले होते. नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत एकोणचाळीस. यातले तत्त्व साधे आहे. “मन लागेल तेव्हा काम करीन,” असे म्हणत बसले तर मन लागत नाही. थोडे काम सुरू केले की मन मागून येते.

दुसरा उपचार गोळ्यांचा, आजार मध्यम किंवा तीव्र असेल तेव्हा. या गोळ्यांबद्दल गैरसमज फार आहेत. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत “काही फरक नाही” म्हणून सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर निदान सहा महिने त्या चालू ठेवायला सांगतात. पेरलेले उगवले म्हणून कोणी पाणी तोडत नाही. बंद करायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू. याउलट अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गुंगीच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेणे धोक्याचे. त्यांची सवय लागते.

कोठे जावे?

धारवाडचे मनोरुग्णालय इंग्रजांच्या अमदानीतले, एकोणिसाव्या शतकातले. त्या काळी त्याला वेड्यांचे इस्पितळ म्हणत, आणि तेथे नेण्याची धमकी म्हणजे थट्टेचा विषय असे. तो काळ गेला. २००९ सालापासून ती धारवाड मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे डिम्हान्स, म्हणून काम करते. बाह्यरुग्ण विभागात माणसे येतात, दाखवतात आणि औषध घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी परततात. येणाऱ्यांत शिक्षक असतात, शेतकरी असतात, कॉलेजची मुले असतात.

जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे जमत नसेल तर तालुक्याच्या दवाखान्यात विचारावे. खेड्यातल्या डॉक्टरांना आणि आरोग्य सेवकांना शिकवून मनाच्या आजारांवर जवळच उपचार व्हावेत, ही पद्धत १९८५ पासून निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात आजमावली. तिचाच कित्ता १९९६ पासून देशभर गिरवला जाऊ लागला. आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत बोलता येते.

शेतकरी घरासाठी विशेष

२०२३ साली पाऊस गेला आणि कर्नाटकातील २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर झाले. उभी मिरची, उभा मूग वाळताना पाहणाऱ्याला दुःख झाले नसते तरच नवल. पीक बुडाल्याचे, सोसायटीच्या कर्जाचे, बैल विकावा लागल्याचे दुःख हे खरे दुःख आहे. त्याला “मनाचा आजार” म्हणून एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे बरोबर नाही. त्यासाठी विमा, वेळेवर भरपाई, कर्जाची फेरमांडणी हेच औषध आहे. पण त्या काळजीतून एखादा माणूस आजारात उतरला, तर त्याला दोन्ही मदती लागतात. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

शेतकरी घरात आणखी एक धोका असतो, तो म्हणजे फवारणीची औषधे. फार खचलेल्या माणसाचा जीव देण्याचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो. ती घटका टळली तर तो जगतो, आणि जगलेले बहुतेक जण पुढे नीट नांदतात. श्रीलंकेत १९९५ पासून अति विषारी कीटकनाशकांवर निर्बंध आले आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्या हातात असलेला उपाय सोपा आहे. औषधाचे डबे घरात, माळ्यावर ठेवू नयेत. कुलपाच्या पेटीत ठेवावेत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. लागेल तेवढेच आणावे.

घरातला कोणी “आता जगण्यात अर्थ नाही,” असे म्हणाला, वहीखाते आवरू लागला, आवडती वस्तू वाटून टाकू लागला, तर सरळ विचारावे: “अण्णा, जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने मन मोकळे होते. मग त्याला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

पोलिसांच्या भीतीने काही घरे अशा माणसाला लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे ठरवले आहे की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस भारी मानसिक ताणाखाली होता असेच मुळात धरावे, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी घ्यावी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलमही उरलेले नाही. चर्चनेही १९८३ च्या कायदेसंहितेत अशा मृतांना ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा जुना नियम ठेवला नाही. म्हणून लाजेपोटी किंवा भीतीपोटी दार बंद करून बसू नये.

शेवटी

उभ्या ज्वारीत भेगा दिसू लागल्या की आपण काय करतो? जमिनीला शिव्या देत नाही, आणि बघतही बसत नाही. कोळपे घालतो. वरची माती हलवून भेगा बुजवतो, म्हणजे खालची ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने लोक म्हणतात. दुःखातल्या माणसाकडे जाऊन तासभर बसणे हे कोळपणीसारखेच आहे. त्याने पाऊस पडत नाही, पण आतली ओल उडून जात नाही.

या आठवड्यात आपल्या वाड्यातले, गल्लीतले एखादे घर आठवून पाहा, जेथे सहा महिन्यांपूर्वी कोणी वारले आणि जेथे आपण त्यानंतर गेलोच नाही. तेथे जाऊन या. काकी रडल्या तर रडू द्या. आणि त्या रडतही नसतील, जेवत नसतील, पहाटे तीनला उठून बसत असतील, तर त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगा की हा आजार आहे, बरा होतो, आणि दवाखान्यात न्यायला मी तुझ्याबरोबर येतो.